घोटाघोटाचा हिशेब

रमजानच्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यात भेटणाऱ्याला पहिला प्रश्न तब्येतीचा विचारत नाहीत, रोजाचा विचारतात. "रोजा आहे ना?" या दोन शब्दांत आपुलकी असते, चौकशी असते आणि थोडीशी तपासणीही असते. "नाही" म्हणणाऱ्याकडे लोक क्षणभर थांबून बघतात. साखर आहे, बाळंतीण आहे, प्रवासात आहे, असं काही कारण कळलं की "अल्लाह शिफा दे" म्हणून विषय संपतो. पण कारण "वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय" असं असेल, तर विषय तिथून सुरू होतो.

यंदा आमच्या घरात तो असाच सुरू झाला. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, वय एक्कावन्न. वजन १०४ किलो, उंची पाच फूट एक इंच. पंधरा वर्षांची साखर, रात्री झोपेत श्वास अडकायचा, गुडघे इतके गेलेले की नमाज खुर्चीवर बसून. रमजानचा चाँद दिसायच्या आठ दिवस आधी तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. तारीख डॉक्टरांच्या आणि विम्याच्या मंजुरीच्या हिशेबाने ठरली होती. पण नात्यातल्या एका बाईंनी दवाखान्यात भेटायला येऊन, संत्री हातात ठेवून, हळूच म्हटलंच, "रमजान निघाल्यावर करायचं होतंस ना. रोजे चुकवल्यासारखं दिसतं." आपा काही बोलली नाही. संत्रीही तिला चालणार नव्हती.

ही शस्त्रक्रिया म्हणजे पोटावरची चरबी कापणं किंवा शोषून काढणं नव्हे. अजून पुष्कळांचा तोच समज आहे. आपाची झाली ती 'स्लीव्ह' प्रकारची. यात जठराचा जवळजवळ तीनचतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेल्याची केळ्यासारखी एक अरुंद नळी राहते. कापलेली कड टायटॅनियमच्या बारीक टाक्यांनी बंद केलेली असते. जो भाग काढतात, तिथेच भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होतं. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे 'बायपास'मध्ये, जठराच्या वरच्या टोकाला सुमारे तीस मिलीलीटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. बायपासची सुरुवात अमेरिकेत १९६६ च्या सुमारास झाली; म्हणजे हे काही काल-परवाचं फॅड नाही. आपल्याकडे विमा नियामकानेही २०१९ मध्ये नियम घालून दिला, की बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, अथवा ३५ च्या वर असून हृदयविकार, झोपेतला श्वासरोध, आटोक्यात न येणारी साखर असं काही गंभीर दुखणं असेल, तर हा उपचार विम्यातून सरसकट वगळता येणार नाही. आपाचा बीएमआय ४३ होता. तरी लोकांनी विचारलं, "आता या वयात बारीक कशाला व्हायचंय?"

ऑपरेशन तास-दीड तासाचं. खरी परीक्षा त्यानंतरच्या पातळ आहाराच्या दिवसांची असते आणि त्याबद्दल कोणी फार बोलत नाही. खरं तर ती ऑपरेशनच्या आधीच सुरू होते. बहुतेक ठिकाणी आधीचे सुमारे दोन आठवडे अगदी कमी उष्मांकाचा, बराचसा द्रव आहार देतात. जाड माणसाच्या यकृतात चरबी साठून ते फुगलेलं असतं आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर येतो. पंधरा दिवसांच्या त्या आहाराने यकृत आक्रसतं आणि सर्जनला काम करायला जागा मिळते. ऑपरेशननंतर पहिले एक-दोन दिवस फक्त पाणी, गाळलेलं सूप, नारळपाणी असं पारदर्शक. मग साधारण दोन आठवडे सगळे पातळ पदार्थ, नंतर दोन आठवडे मऊ वाटलेलं, मग मऊ शिजवलेलं आणि दीड-दोन महिन्यांनी आपलं नेहमीचं जेवण, अर्थात चमच्याचमच्याने. दवाखान्यागणिक यात थोडाफार फरक असतो. आपल्या डॉक्टरांनी दिलेला तक्ता तोच खरा.

तक्ता वाचून मला ओळखीचं काहीतरी वाटत राहिलं. आयुर्वेदात वमन-विरेचनानंतर रुग्णाला एकदम जेवायला घालत नाहीत. आधी पेया, मग विलेपी, मग यूष, असं पातळाकडून दाटाकडे नेतात. त्याला संसर्जन क्रम म्हणतात. युनानी हकीमही आजाऱ्याला माउल-शईर, म्हणजे जवाचं पाणी, देत आले. आतड्याला विश्रांती देऊन पायरीपायरीने कामाला लावायचं, हे शहाणपण जुनंच आहे. मराठीत आपण याला पथ्य म्हणतो, उर्दूत परहेज. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत. पथ्य म्हणजे वाटेला धरून असलेलं, काय घ्यावं ते सांगणारं. परहेज म्हणजे दूर राहणं. आणि जो दूर राहतो तो परहेजगार, म्हणजे थेट धार्मिक माणूस! आपाच्या वाट्याला यंदा परहेज आलं, पण परहेजगारी मात्र कोणी तिच्या खात्यावर मांडायला तयार नव्हतं.

ती रोजा का धरू शकत नव्हती, हे मी नातेवाइकांना समजावलं ते गणिताने. ऑपरेशननंतर दिवसाला किमान दीड लीटर द्रव पोटात जायला हवा. पण नव्या जठरात एका वेळी मावतं ते औषधाच्या छोट्या कपाएवढं, सुमारे ३० मिली. तेही गटकन नाही, घोटाघोटाने. दर पंधरा मिनिटांना असा एक कप घेतला तर तासाला १२० मिली होतात. दीड लीटरला साडेबारा तास लागतात. म्हणजे जागेपणाचा जवळजवळ सगळा वेळ कप हातात. आता रोजा धरला असं समजा. सध्या रोजा साधारण साडेतेरा तासांचा आहे. इफ्तारपासून सहेरीपर्यंतच्या वेळात झोप वगळली तर हातात राहतात फार तर पाच तास, म्हणजे ६०० मिली. गरजेच्या निम्मंही नाही. धडधाकट माणूस इफ्तारला दोन ग्लास पाणी एकदम पिऊन दिवसाची तूट भरून काढतो. हिला ते जमणारच नाही, कारण दोन ग्लासांची जागाच पोटात उरलेली नाही. आणि या ऑपरेशननंतर पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांत अंगातलं पाणी कमी होणं हे एक मोठं कारण आहे.

हे गणित धर्माच्या विरोधात जात नाही. कुराणात सूरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत, म्हणजे जिथे रोजे फर्ज केले तिथेच, आजारी आणि प्रवासी यांना सूट दिलेली आहे. तिला रुखसत म्हणतात. राहिलेले रोजे बरं झाल्यावर दुसऱ्या दिवसांत भरून काढायचे, ती कजा. आणि ज्याला बरं होण्याची आशाच नाही, त्याने प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालायचं, तो फिद्या. आपा बरी होणार आहे, म्हणून तिच्यासाठी कजा, असं आमच्या मशिदीच्या मौलानांनी सांगितलं. बरं कधी झालं म्हणायचं, हे मात्र डॉक्टर ठरवणार. यावर सर्जन मंडळींचं एकमत नाही. काही जण काही महिन्यांनी, तपासण्या पाहून परवानगी देतात; बरेच जण वजन स्थिर होईपर्यंत, वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. पातळ आहाराच्या काळात धरू नका, यावर मात्र कोणाचं दुमत नाही. माझे हिंदू वाचक चातुर्मासातले, नवरात्रातले किंवा निर्जळी एकादशीचे उपास धरतात, जैन वाचक पर्युषणात पाणीही सोडतात. त्यांनाही हाच हिशेब लागू आहे. पंधरा मिनिटं आणि तीस मिली.

गोळ्यांचाही विचार लगेच करावा लागतो. खाणं एकदम कमी झालं की साखर झपाट्याने उतरते, रक्तदाबही उतरतो. जुन्याच मात्रेने इन्सुलिन किंवा गोळ्या चालू ठेवल्या तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या आणि घरी साखर मोजत राहायचं. मोठ्या गोळ्या या दिवसांत गिळता येत नाहीत. काही कुटून घेता येतात, पण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर सगळं औषध एकदम अंगात जातं. तेव्हा कुटण्याआधी विचारायचं. जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलचं वेष्टन पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासूनचं असतं. आपाने औषधाच्या दुकानात विचारलं, "यात जिलेटिन कशाचं?" दुकानदार म्हणाला, "बाई, हाच प्रश्न सकाळी एका मारवाडी आजोबांनी विचारला." चघळायच्या गोळ्या आणि सिरप मिळालं. दोघांचाही प्रश्न सुटला.

आता स्वयंपाकघराकडे येऊ, कारण सगळा जीव तिथेच अडकतो.

पातळ म्हणजे पौष्टिक असं नाही. अगदी सुगरणींचाही गैरसमज इथे होतो. जखम भरायला आणि स्नायू टिकायला दिवसाला सुमारे साठ ग्रॅम प्रथिनं लागतात. दुधाच्या १०० मिलीत ती साधारण तीन ग्रॅम. नुसत्या दुधावर भागवायचं तर दोन लीटर दूध प्यावं लागेल. ते तिच्या पोटात जाणार कसं? वरणाच्या वरच्या पाण्यात किंवा आपण कौतुकाने करतो त्या यखनीत चव असते, मीठ असतं, ऊब असते; प्रथिनं फारच थोडी. म्हणून दुधात सायविरहित दुधाची पावडर घालायची, डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रथिनांची पावडर ताकात किंवा गार दुधात मिसळायची, डाळ पूर्ण शिजवून, घुसळून, गाळून पातळ करायची. यखनी करायचीच तर ती थंड करून वरचा चरबीचा थर काढून टाकायचा, आणि मिरची नावापुरतीही नको. ताक पातळ, गाळलेलं. कोकमाचं सार बिनसाखरेचं, बिनतिखटाचं. सब्जा नको, बी कुठलंच नको. सोडा, कोल्ड्रिंक नको, कारण त्यातला वायू त्या अरुंद नळीला ताण देतो. स्ट्रॉ नको, पाण्याबरोबर हवा ओढली जाते. आणि इफ्तारचं ते गुलाबाचं लाल सरबत तर मुळीच नको. साखरेचा पाक नव्या पोटातून सरळ आतड्यात उतरतो. मग छातीत धडधड, घाम, चक्कर, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. बायपासवाल्यांना जास्त होतं, पण स्लीव्हवालेही सुटत नाहीत. साधं पाणीसुद्धा सुरुवातीला जड लागतं, छातीत दगड ठेवल्यासारखं होतं. कोमट पाणी बऱ्याच जणांना बरं पडतं.

आपाला सगळ्यात मानवलं ते मुगाचं कढण. ते आमच्याकडे होत नाही. समोरच्या काकूंनी आणलं. त्यांनी आयुष्यभर तापकऱ्यांना आणि बाळंतिणींना हेच करून घातलेलं. डब्यात कढण, वर मलमलचा स्वच्छ तुकडा, आणि ताकीद, "पुन्हा एकदा गाळून घे गं, माझी चाळणी जुनी आहे." त्यांनी मीठ बेताचं टाकलं होतं, जिरं परतून नंतर काढून टाकलं होतं. पुढचे बारा दिवस तो डबा संध्याकाळी पाचला येत राहिला. काकू स्वतः त्या पंधरवड्यात एकादशीला उपाशी होत्या. त्या दिवशीही डबा चुकला नाही.

इफ्तारच्या वेळी काय करायचं, हा घरातला मोठा पेच. घरातले दहाजण दिवसभर उपाशी. दस्तरखानावर खजूर, कलिंगड, भजी, समोसे, दहीवडे. आपाला आतल्या खोलीत बसवायचं की समोर? पहिल्या दिवशी सगळे अवघडून गेले. तिचा मुलगा तर समोसा हातात धरून नुसता बसला. शेवटी तीच म्हणाली, "खाओ रे, मी काय जनाज्यात आले?" दुसऱ्या दिवसापासून तिने आपली जागा घेतली. औषधाचा छोटा कप समोर, त्यात कोमट यखनी. अजान झाली की सगळ्यांनी खजूर तोंडात टाकायचा आणि तिने कपातला पहिला घोट घ्यायचा. दिवसभरात तिचे तीसेक कप झालेले असायचे. तिचा रोजा नव्हता, ती काही सोडत नव्हती. पण दुआसाठी हात सगळ्यांबरोबर वर जायचे. सहेरीला मात्र तिला उठवू नका असं मी बजावून ठेवलं होतं. तिची झोप महत्त्वाची होती.

तरी "एक घास काय होतंय?" म्हणणारे भेटतातच. आपल्याकडे प्रेम घासानेच मोजतात. हिंदूंच्या पंक्तीत आग्रह, आमच्याकडे इसरार, प्रकार एकच. म्हणून स्पष्ट लिहिते. त्या जठराला लांबच लांब टाके आहेत. भज्याचा तुकडा, भाताचं शीत, मांसाचा धागा तिथे अडकला तर वेदना आणि उलट्या ठरलेल्या. उलट्यांचा ताण टाक्यांवर येतो. टाक्यांतून गळती होणं क्वचितच घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. ताप, पोटात वाढती कळ, डाव्या खांद्यात दुखणं, धाप, आणि विश्रांतीतही नाडी १२० च्या वर, यांपैकी काहीही दिसलं तर इफ्तार होऊ दे, तरावीह होऊ दे, असं म्हणत बसायचं नाही. त्याच क्षणी सर्जनला फोन करायचा. पोटरी सुजली किंवा दुखू लागली तरीही तेच, कारण रक्ताची गुठळी झालेली असू शकते. उलट्या दिवसेंदिवस थांबत नसतील तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदू आणि नसांना इजा होऊ शकते. "पित्त झालं असेल" म्हणून घरगुती उपाय करत राहू नये. आणि लघवी गडद, कमी होत असेल तर पाणी कमी पडतंय, एवढं ओळखायला डॉक्टर लागत नाही.

आता भुकेचं. आपाला वाटलं होतं, जीव जाईल इतकी भूक लागेल. तसं झालं नाही. पोटाची भूक जवळजवळ गप्प झाली. राहिली ती दुसरी. उर्दूत म्हणतात, पोट भरलं पण नीयत भरली नाही. मराठीत डोळ्यांची भूक म्हणतात. ती ऑपरेशनने कापली जात नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी गल्लीतून हलीमच्या डेगचा वास आला आणि आपा रडली. वासाने रडली की घरातल्या सगळ्यांसाठी तीस वर्षं सहेरी-इफ्तार रांधलेले हात रिकामे बसले म्हणून रडली, हे तिलाही सांगता आलं नसतं. "कशाला केलं हे?" असं या दोन-तीन आठवड्यांत पुष्कळांना वाटतं. थकवा असतो, शरीर साठलेली चरबी जाळत असल्याने तोंडाला वास येतो, बद्धकोष्ठ होतं, मन खचतं. ज्यांनी वर्षानुवर्षं दुःखावर आणि कंटाळ्यावर खाण्याचा उतारा घेतला, त्यांचा उतारा काढून घेतलेला असतो आणि दुःख तसंच असतं. अशा वेळी उपदेश नको. आपाला तिच्या मुलीने एक काम दिलं, रोजचे कप वहीत मांडायचं. वहीच्या एका पानावर कप, समोरच्या पानावर आपाने स्वतःहून राहिलेले रोजे मांडायला घेतले. कजाचा आकडा वाढत गेला. त्याचं ओझं वाटतंय का, असं मी विचारलं. म्हणाली, "ओझं कसलं? उधारी आहे. देणाऱ्याने मुदत दिली आहे."

ज्या बाईंनी संत्री आणली होती, त्या सोळाव्या रोजाला पुन्हा आल्या. या वेळी हळूच त्यांच्या सुनेबद्दल विचारलं. सुनेचं वजन पंच्याण्णव, मूल होत नाही, साखर निघाली आहे. हे ऑपरेशन कुठे होतं, खर्च किती, दुखतं का. आपाने सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात, तेव्हा डॉक्टरांशी आधी तेच बोला.

मऊ वाटलेल्या अन्नावर ती रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात आली. ईदपर्यंत मऊ शिजलेलं सुरू झालेलं असेल: घोटलेली खिचडी, दोन चमचे दही, मऊ अंडं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. शीरखुर्मा तिच्यासाठी नाही, त्यात साखरही आहे आणि सुका मेवाही. बिनसाखरेचं वेलची घातलेलं दूध ती घेईल, तेही तिच्याच कपाने. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, असं डॉक्टरांनी आताच सांगून ठेवलंय. बहुतेकांचे गळतात आणि पुन्हा येतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व मात्र जन्मभर घ्यायचं, आणि दर वर्षी रक्त तपासायचं. सध्या वजन ९४ आहे. परवा तिने तरावीहच्या वेळी खुर्ची बाजूला सरकवून पहिल्या दोन रकात उभ्याने पढल्या. उरलेल्यांसाठी खुर्ची परत ओढून घेतली.